चौघांच्या टेबलावर तीन कव्हर

या सदरातले अनुभव मी दुपारच्या कॉफीबरोबर वाचते आणि बहुतेक वेळा हसते, हे आधीच कबूल करते. भुतंखेतं, करणी, चाहूल... माझा कशावरच विश्वास नव्हता. मी सव्वीस वर्षं मुलांना हॉटेलातलं काम शिकवतेय. आमच्या धंद्यात रिकाम्या खोलीतून बेल वाजली तर आधी इलेक्ट्रिशियनला बोलावतात. तरीही आज लिहायला बसलेय, कारण हे घरात कुणाशी बोलता येत नाही.

मी म्हैसूरची. आमचे पूर्वज इथल्या फौजेत चाकरीला आले आणि इथलेच झाले. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर कानडी — त्यामुळे माझं मराठी कुठे ओबडधोबड वाटलं तर सांभाळून घ्या. कॉलेजचं आणि हॉटेलचं नाव लिहिणार नाही, माझी नोकरी अजून शिल्लक आहे.

नझरबादकडून चामुंडी टेकडीकडे जाताना एक आतला रस्ता लागतो. तिथे पिवळ्या चुन्याची दोन मजली इमारत आहे, पुढे खांबांचा पोर्च, वर बारा खोल्या, खाली अकरा टेबलांचा डायनिंग हॉल. एका सागवानाच्या व्यापाऱ्याने ती दसऱ्याला येणाऱ्या बड्या पाहुण्यांसाठी बांधली. पुढे कॉफीच्या मळ्यांचे गोरे मालक उतरायला लागले आणि घराचं हॉटेल झालं. गोरे गेले, मग वकील आले, सिनेमावाले आले, मुलगी बघायला आलेली कुटुंबं आली. मग व्यापाऱ्याचे नातू आपसात भांडले आणि बरीच वर्षं दाराला कुलूप होतं. शेवटी आमच्या कॉलेजने ते विकत घेतलं. आता तिथे आमचीच मुलं स्वयंपाक करतात, आमचीच मुलं वाढतात, आणि मी त्यांच्या चुका काढते.

गेल्या वर्षी हॉलची मोठी दुरुस्ती निघाली. दसऱ्यानंतर तो पुन्हा उघडायचा होता, म्हणून प्रिन्सिपॉलनी मला हॉटेलच्या इतिहासाची छोटी पुस्तिका लिहायला सांगितली. फोटो मिळाले, जुनी मेनू कार्डं मिळाली. आणि चादरींच्या कपाटात खालच्या फळीवर तक्रारींच्या चार वह्या मिळाल्या... त्या वह्यांनी मला पहिल्यांदा खूप हसवलं. बटाटा कच्चा, न्हाणीत पाल, शेजारच्या खोलीतले गृहस्थ घोरतात! असल्या तक्रारी वाचत मी दोन दुपारी मजेत काढल्या.

मग एक तक्रार दिसली. ती कळायला आमच्या धंद्यातला एक शब्द सांगावा लागेल. एका माणसापुढची प्लेट, काटा, सुरी, चमचे, ग्लास, नॅपकिन — हे सगळं मिळून एक कव्हर. जितकी माणसं तितकी कव्हर, हा मुलांचा पहिल्या दिवसाचा धडा असतो.

कूर्गच्या एका मळेवाल्याने लिहिलं होतं, ‘आम्ही चौघे होतो. वेटरने तीनच कव्हर लावली. दाखवून दिलं तरी सर्वांची लावली आहेत असं म्हणत राहिला.’ थोडी पानं पुढे त्याच अक्षरात, तीच सही: ‘आम्ही तिघे. टेबल व्यवस्थित. आभारी आहे.’ मला वाटलं, किती सभ्य माणूस, चूक सुधारली म्हणून कळवतोय.

दुसऱ्या वहीत हासनचे एक वकील, बायको आणि दोन मुलं. पुन्हा तेच, चौघांना तीन कव्हर. पुढच्या हंगामात त्यांचीच चिठ्ठी चिकटवलेली, खोलीत तीन पलंग हवेत म्हणून. तिसऱ्या वहीत सहा कारकून, कव्हर पाच. तक्रारीखाली सहा सह्या होत्या, आणि पुढच्या खेपेला जेवणाचं कौतुक करणाऱ्या ओळींखाली पाच. वेटर दर वेळी वेगळा. एका समासात मॅनेजरने लिहून ठेवलं होतं, ‘वेटरला काढून टाकलं. जातानाही लावलं होतं असंच म्हणत होता.’

मला भीती वाटली नाही. नवल वाटलं, आणि पुस्तिकेला चांगला मसाला मिळाला असंही वाटलं. प्रिन्सिपॉलनी मात्र तो भाग गाळायला लावला, गिऱ्हाईक पळेल म्हणून. मग मी घरी सांगितलं. अण्णा, म्हणजे माझा थोरला भाऊ, पोट धरून हसला.

"वेटरला चारपर्यंत मोजता येत नाही, ह्याला तू इतिहास म्हणतीस? सुम्ने, गप तिथल्या कस्टर्डाचं लिही कणे!"

आमचा अण्णा असाच. वडील गेले तेव्हा मी आठ वर्षांची होते. मला सायकलवर डबलसीट शाळेत सोडणारा तोच, आणि हॉटेलचं काम शिकते म्हटल्यावर नातेवाइकांनी नाकं मुरडली तेव्हा त्यांना गप्प करणारा तोच. बँकेतून रिटायर होऊन वर्ष झालं होतं. आई आणि वैनी त्याच्याकडे, मी दोन गल्ल्या पलीकडे.

हॉल उघडल्यावर पहिल्याच आठवड्यात शेवटच्या वर्षाची प्रॅक्टिकल परीक्षा होती. पाहुणे म्हणून शिक्षकांच्या घरचीच माणसं बोलावतात. माझ्या टेबलावर चौघं — आई, अण्णा, वैनी आणि मी. मी टेबलावर बसूनच मार्क द्यायचे. टेबल भाग्याला आलं होतं. भाग्या वरुणा गावाकडची, घरी ऊस आणि दोन म्हशी, बोलायला घाबरट पण हाताला फार नीट. माझी लाडकी होती म्हटलं तरी चालेल, फक्त तिला ते माहीत नव्हतं.

दुपारी पाऊणच्या सुमारास आई आणि वैनी आल्या. आईला पंख्याचा वारा सोसत नाही म्हणून मी तिला दुसऱ्या बाजूला बसवलं. अण्णा गाडी लावून मागून आला आणि उरलेल्या खुर्चीवर बसला. मी नॅपकिन उचलला, समोर बघितलं... अण्णापुढे नुसतं टेबलक्लॉथ होतं. काटा नाही, ग्लास नाही, काही नाही.

त्या क्षणी मला वह्या आठवल्या नाहीत, असंच मी पुढे कितीतरी दिवस समजत होते. मला फक्त राग आला. शेवटच्या वर्षाची मुलगी, आणि पहिल्या दिवसाची चूक!

"भाग्या, कव्हर किती?"

"नाल्कु इट्टिद्दीनि, मॅम." म्हणजे चार ठेवलेत.

"मोजून दाखव."

तिने बोट केलं. आईपुढे, "ओंदु." वैनीपुढे, "एरडु." माझ्यापुढे, "मूरु." मग तेच बोट अण्णापुढच्या कोऱ्या कापडावर आलं, जराही न अडखळता. "नाल्कु." आणि माझ्याकडे बघायला लागली, मॅमना झालंय काय अशा नजरेने.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी उठले, ट्रॉलीवरून सामान आणलं आणि चौथं कव्हर स्वतः लावलं. पाच मार्क कापले. पोरीचे डोळे भरून आले.

सूप आलं. ट्रेमध्ये तीनच वाडगे. अण्णाने हात वर केला. "काय गं पुट्टी, मी उपाशी उठू काय?" ती दचकली, सॉरी सर म्हणत धावली. कस्टर्डाच्या वेळी पुन्हा तीनच बाऊल. अण्णाच हसला म्हणून आम्ही सगळे हसलो.

"मी काय दिसतच नाही काय हिला? नोडु कणे, बघ गं, तुझ्या वहीतला वेटर परत आला!"

वैनी म्हणाली, "असलं काही बोलू नका हो." आई कस्टर्ड खात होती, असं मला वाटलं.

एकोणीस दिवसांनी अण्णा के. आर. नगरला मित्राच्या गृहप्रवेशाला गेला. जेवून दुपारच्या बसने परत निघाला, खिडकीजवळ बसून. म्हैसूरच्या स्टँडवर सगळे उतरले. झोप लागली असेल म्हणून कंडक्टरने खांद्याला हात लावला. डॉक्टर म्हणाले, हार्ट. त्रास झाला नसणार, झोपेतच गेले असणार, असंही म्हणाले. साठी उलटलेल्या माणसाचं हृदय बंद पडतं. त्यात अमानवीय काही नाही, असं मीच सगळ्यांना सांगत होते. घरी येऊन दार लावून मात्र मी पहिल्यांदा मळेवाल्याची ती ओळ मोठ्याने म्हटली — आम्ही तिघे, टेबल व्यवस्थित.

तेराव्यानंतर आठवडाभराने मी आईबरोबर अवरेच्या, म्हणजे पावट्याच्या, शेंगा सोलत बसले होते. वैनी आत पडली होती. आई मान वर न करता म्हणाली,

"विजी, त्या दिवशी हॉटेलात मी त्या खुर्चीला हात लावला होता. बसतच होते. तू मला तिथनं का हलवलीस?"

"अगं, पंखा होता ना वर. तुला वारा लागला असता."

"हूं," म्हणाली आणि शेंगा सोलत राहिली.

खरं तर मला तेव्हा भाग्याचंच वाईट वाटत होतं. अण्णाची बातमी कळल्यावर ती येऊन रडून गेली होती, आणि पुन्हा तेच म्हणाली होती, "मॅम, खरंच ठेवलं होतं." मार्कांच्या याद्या अजून पुढे गेल्या नव्हत्या. दुरुस्तीत हॉलमध्ये कॅमेरे बसवले होते, म्हणून दुसऱ्या दिवशी ऑफिसातल्या मुलाकडून मी त्या दुपारचं रेकॉर्डिंग मागून घेतलं आणि एकटीने बघितलं.

भाग्या ट्रॉली घेऊन येते. एक कव्हर लावते, दुसरं, तिसरं, सुंदर. मग चौथ्या खुर्चीपाशी वाकते. डावीकडे काटा ठेवते, उजवीकडे सुरी, चमचा, वर ग्लास. हात अगदी शिकवल्यासारखे हलतायत... आणि हातात काही नाही. शेवटी दोन बोटांनी नॅपकिनची घडी सारखी करते, जो नॅपकिन तिथे नाहीच. एक पाऊल मागे होऊन टेबल बघते, समाधानाने मान हलवते आणि निघून जाते. ट्रॉलीवर एक पूर्ण सेट तसाच पडलेला दिसतो.

मी तीन वेळा बघितलं. मग थांबवायचं विसरले आणि ते पुढे चालू राहिलं.

आई आणि वैनी आत येतात. आई सरळ त्याच खुर्चीकडे जाते, पाठीवर हात ठेवते. मी पॅन्ट्रीच्या दारातून बाहेर येते आणि मध्येच थांबते. माझी नजर टेबलावर आहे, चौथ्या जागेवर. मी उभीच आहे, घड्याळाप्रमाणे सात सेकंद. मग झपझप चालत जाते, आईचा कोपर धरते आणि तिला पलीकडे नेऊन बसवते. वैनीला तिच्या शेजारी. अण्णा दारातून येतो, रुमालाने मान पुसत. मी ती खुर्ची मागे ओढते. त्याच्यासाठी. तो बसतो, मी त्याच्या पाठीवर थोपटते आणि माझ्या खुर्चीवर जाऊन बसते. आणि त्यानंतर मला ते कोरं कापड ‘दिसतं’, मी भाग्याला हाक मारते.

मी छताकडे बघितलं, म्हणजे रेकॉर्डिंगमधल्या. पंखे नव्हते. त्या बाजूचे पंखे दिवाळीनंतर बसवले, हे मला पक्कं माहीत आहे, कारण त्या कामाच्या कागदावर सही माझीच आहे.

मला यातलं काहीही आठवत नाही. आईला हलवल्याचं आठवतं आणि पंख्याचं आठवतं, जो नव्हता. कुणी म्हणेल, भाग्या परीक्षेला घाबरली होती, हात आपोआप हलले. असेल. वह्यांतले योगायोग असतील, बसमध्ये हृदय थांबणं हाही योगायोग असेल. पण मी जर यातलं काहीच मानत नव्हते, तर ते सात सेकंद मी काय बघत उभी होते? आणि आईला वाचवायचं होतं तर ती खुर्ची मी स्वतः का घेतली नाही? मला सायकलवरून शाळेत सोडणाऱ्या माणसाला मी त्यात का बसवलं? याचं उत्तर मला आजही मिळालेलं नाही. ज्यांना मिळालं आहे असं वाटतं, त्यांनी कृपा करून मला ते कळवू नये.

भाग्याचे पाच मार्क मी परत दिले. त्या वह्या अजून कपाटातच आहेत. हॉल छान चालतो, रविवारी जागा मिळत नाही.

आता मी आई आणि वैनीकडेच राहते. आम्ही तिघी. ते रेकॉर्डिंग मी आईला दाखवलेलं नाही, त्याबद्दल एक शब्द बोलले नाही, आणि तिनेही पुन्हा कधी विचारलं नाही. फक्त जेवायला हाक मारली की ती येऊन टेबलापाशी उभी राहते. मी खुर्ची ओढून दिली तरी बसत नाही. मी बसेपर्यंत थांबते, आणि मग आपली जागा आपण निवडते.