दारातल्या मावशी

पनवेलच्या आमच्या चर्चच्या दारात दर रविवारी एक मावशी उभ्या असतात. नवा माणूस दिसला की त्याचा हात दोन्ही हातांत धरून म्हणतात, “आलास? बरं झालं. आपलंच घर हाय.” नाव-गाव नंतर, आधी चहा झाला का ते विचारतात.

एकदा तळोज्याच्या कारखान्यातला एक कामगार पाळी संपवून थेट आला. कपड्यांना रसायनांचा उग्र वास येत होता. तो बसताच बाकावरची माणसं हळूच सरकली. मीही सरकलो. मावशी दार सोडून आल्या, त्याला खेटून बसल्या आणि गीतांचं पुस्तक त्याच्यापुढे धरलं.

तो ओशाळून म्हणाला, “मला वाचता येत नाही.”

“मला पण येत नाय रे,” मावशी म्हणाल्या. “नुसतं धरायचं. मी गाते, तू माझ्या मागून गा.”