बेचाळीस परवाने आणि एक बंद दार

बिटर फोर्क गावात त्या काळी कुजबुज होती ती अशी: दर शुक्रवारी दुपारी बारा वाजता विधवा लोएटा प्रुइट आपल्या ऑफिसचं दार आतून लावून घेते, आणि आत तिच्या चर्चमधल्या सोबतिणीचा, नेडीनचा नवरा, डेल्बर्ट हॅगन, असतो. बारा मिनिटांनी दार उघडतं, डेल्बर्ट हॅट चढवत बाहेर पडतो, रस्त्याच्या दोन्ही टोकांना बघतो आणि काही झालंच नाही अशा चालीनं पशुखाद्याच्या दुकानाकडे निघतो. बारा मिनिटांचा हिशोब पक्का होता. समोरच्या कॅफेची मालकीण ट्रुडी हिनं तो भिंतीवरच्या घड्याळात मोजला होता, आणि एकदा नव्हे, लागोपाठ सहा शुक्रवार.

"बाराच मिनिटं?" काउंटरवरच्या एकानं विचारलं.

"डेल्बर्ट बासष्टचा आहे," दुसरा म्हणाला. "त्यातली चार तर बूट काढण्यात जात असतील."

लोएटाकडे बघून असलं काही सुचणं कठीणच होतं. उंच, हडकुळी, चष्मा गळ्यातल्या साखळीला. तिचा नवरा व्हर्न सरकारी रस्त्यांवरचं बर्फ काढणारी गाडी चालवायचा. एका फेब्रुवारीत त्याचं हृदय बंद पडलं आणि लोएटाच्या वाट्याला एक जुनी गाडी आली आणि मेन स्ट्रीटवरचं त्याच्या भावाचं बंद पडलेलं न्हाव्याचं दुकान. लोएटानं कात्र्या विकल्या, बेसिन विकलं. खुर्ची मात्र सिमेंटमध्ये बोल्ट मारून बसवलेली होती. ती काढायची तर सगळी जमीन फोडावी लागली असती. म्हणून ती राहिली, आणि दुकानाचं ऑफिस झालं तरी मधोमध राहिली.

ऑफिस कसलं, तर वसुलीचं. अमेरिकेतल्या वायोमिंग राज्याच्या कायद्यानं असं ठरवलं होतं की बाहेरच्या वसुली कंपनीला इथल्या माणसाकडून थकलेले पैसे मागायचे असतील तर आधी राज्याचा परवाना घ्यावा. आणि परवाना हवा तर राज्यात ऑफिस हवं, तिथे परीक्षा पास झालेला स्थानिक मॅनेजर हवा, आणि नऊ ते चार दार उघडं हवं. कर्जदारानं नुसत्या फोनमधल्या आवाजाशी का भांडावं? समोर एक चेहरा असावा. विचार चांगला होता. ओहायोच्या आणि जॉर्जियाच्या कंपन्यांना मात्र बिटर फोर्कमध्ये माणूस पाठवायची हौस नव्हती. त्यांनी लोएटा ठेवली. अशा बेचाळीस कंपन्या, आणि सगळ्यांचा चेहरा एकच. दर कंपनी महिन्याला चाळीस डॉलर देई.

परवाना सर्वांना दिसेल असा टांगावा, असाही नियम होता. बेचाळीस चौकटी भिंतीवर टांगल्या होत्या. समोरचा न्हाव्याचा आरसा तसाच असल्यामुळे त्या चौऱ्याऐंशी दिसत. गावाची समजूत होती की निम्म्या अमेरिकेची वसुली या बाईच्या हातात आहे. खरं तर ती विणकाम करायची आणि फोन आला की कंपनीचा नंबर द्यायची. मॅनेजरच्या परीक्षेत तिला शंभरात सत्त्याण्णव मिळाले होते. उरलेल्या तीन गुणांबद्दल तिचा राज्याच्या परवाना मंडळाशी पत्रव्यवहार चालू होता. अकरा वर्षांत आत पाऊल टाकणारे दोघेच निघाले, त्यातल्या एकाला केस कापून हवे होते.

मग एका मार्चमध्ये डेल्बर्ट आला. हातात ओहायोच्या कंपनीचं पत्र होतं. कायद्याप्रमाणे त्यावर स्थानिक ऑफिसचा पत्ता छापलेला होता. नेडीन तेव्हा बहिणीकडे होती म्हणून पत्र त्याच्या हाती लागलं, नाहीतर घरची टपाल पेटी आणि चेकबुक दोन्ही नेडीनच्या ताब्यात.

"हे म्हणजे तूच का?" त्यानं पत्र पुढे केलं.

"इथल्यापुरती मीच. बस."

बसायला ती एकच खुर्ची होती. तो तिच्यात चढला, पाय लोखंडी पायपट्टीवर ठेवले, हॅट गुडघ्यावर.

"पैसे देतो. सगळे देतो. पण घरी पत्र नको, फोन नको. घोड्यांना नाल मारायचे रोख मिळतात मला. दर शुक्रवारी साठ डॉलर आणून देईन. नेडीनला कळता कामा नये."

लोएटानं कागद काढला. "तसं लिहून दे. आणि पुढे लिही, 'मी असेपर्यंत.'"

"ते कशाला?"

"माणूस कायमचा नसतो, डेल्बर्ट. कागद असतो."

पहिल्याच शुक्रवारी, पैसे मोजून होतायत तोवर, ट्रुडी ताटलीत गोड पेस्ट्री घेऊन आत आली, म्हणे रुबार्बच्या आंबट देठांची आहे. अकरा वर्षांत तिनं लोएटाला साधं बिस्किट दिलं नव्हतं. मंडळाच्या पुस्तकात एकतिसावा नियम होता: कर्जदाराची बाब तिऱ्हाईताच्या नजरेस वा कानावर पडता कामा नये. लोएटानं ताटली ठेवून घेतली, ट्रुडीला बाहेर काढलं आणि कडी घातली. पुढच्या शुक्रवारपासून कडी आधीच घालू लागली. गावाला एवढं पुरे होतं.

नेडीन आणि लोएटा चर्चच्या गायकवृंदात बारा वर्षं शेजारी उभ्या राहात. आता नेडीन रांगेच्या दुसऱ्या टोकाला गेली. रविवारच्या पंगतीत लोएटाचं ओव्हनमध्ये भाजलेलं बटाट्याचं कॅसरोल टेबलावर जसं ठेवलं तसं चमचाही न लागता घरी परत जाऊ लागलं. मग एका मंगळवारी नेडीन ऑफिसात आली आणि खुर्चीत न बसता उभीच राहिली.

"लोएटा, माझा नवरा शुक्रवारी इथे येतो का?"

"इथे कोण येतं ते मी सांगत नाही."

"कोण येतं हे विचारलंच नाही. डेल्बर्ट येतो का?"

"तेही सांगत नाही."

"म्हणजे येतो."

"म्हणजे सांगत नाही. उद्या कुणी विचारलं की नेडीन आली होती का, तर त्यालाही सांगणार नाही."

"मी आलेय ते अख्खं गाव बघतंय. ट्रुडीनं काच पुसायला घेतलीय."

घेतली होती खरी. सकाळपासून तीच काच तिसऱ्यांदा.

नेडीननं भिंतीकडे पाहिलं. प्रत्येक परवान्याच्या तळाशी बारीक अक्षरात कामाची वेळ होती, आणि तक्रार कुठे करावी तो राज्याच्या मंडळाचा पत्ता. तिनं पर्समधून वाणसामानाची यादी काढली, मागच्या कोऱ्या बाजूवर तो पत्ता उतरवून घेतला आणि गेली.

त्या शुक्रवारी लोएटानं डेल्बर्टला सांगितलं, "बायकोला सांगून टाक."

"नाही."

"कायद्यात बायकोला तिऱ्हाईत धरत नाहीत. तू हो म्हण, मीच सांगते."

"तिला कळलं तर दुसऱ्या दिवशी स्वतःची घोडी विकून मोकळी होईल. मी ओळखतो तिला. नको म्हटलं ना."

"माझं कॅसरोल चार रविवार तसंच परत येतंय."

"मी खाल्लं असतं गं," डेल्बर्ट खरोखर ओशाळून म्हणाला. "पण शेजारी नेडीन असते."

मंडळाचा तपासनीस आला तो पुढच्या महिन्यात, शुक्रवारीच, बारा वाजून चार मिनिटं झाली असताना. ओस्टलंड नाव, पोटाचा रोगी, खिशात अँटासिडच्या गोळ्या. दाराला कडी. त्यानं ठोठावलं. मॅनेजरचा परवाना गेला तर बेचाळीस कंपन्या दुसरा चेहरा शोधणार आणि लोएटाकडे फक्त खुर्ची उरणार, हे आतल्या बाईला पक्कं माहीत होतं. तरी तिनं आधी शुक्रवारची पावती पूर्ण लिहिली.

"कोण आहे?"

"राज्याचं मंडळ."

"ओळखपत्र फटीतून सरकवा."

सरकारी माणूस मेन स्ट्रीटवर उकिडवा बसून दाराखालून कार्ड सरकवतोय हे बघायला कॅफे रिकामा झाला. पलीकडे गाडीत नेडीन बसली होती. आत कार्ड नीट वाचलं गेलं, मागूनही, आणि मग दार एक वीतभर उघडलं. "तुम्ही एकटेच या."

आत डेल्बर्ट खुर्चीत, हॅट गुडघ्यावर, साठ डॉलर टेबलावर. ओस्टलंडनं आरशात चौऱ्याऐंशी परवाने पाहिले आणि एक गोळी तोंडात टाकली.

"मिसेस प्रुइट, नियम चौदा. कामाच्या वेळेत दार उघडं हवं."

"नियम एकतीस. तिऱ्हाईतानं बघता कामा नये. एकाच खोलीत चौदा पाळला की एकतीस मोडतो. मी मंडळाला दोन पत्रं लिहिली. उत्तर नाही."

ओस्टलंडला पत्रं आठवत होती. त्याच्याच खणात होती, गुणांबद्दलच्या पत्रांच्या खाली.

"तक्रार बहुतेक यांच्या घरूनच आहे," तो हळूच म्हणाला. "सांगून टाका ना त्यांना. पत्नीला सांगायला नियमाची हरकत नाही."

"नियमाची नाही. याची आहे."

दोघांनी डेल्बर्टकडे पाहिलं. डेल्बर्टनं हॅटकडे पाहिलं.

निकाल असा लागला: परवाना राहिला, सहा महिने देखरेख, दोनशे डॉलर दंड, कडी काढून टाकायची आणि आडोसा म्हणून पडदा लावायचा. लोएटाच्या तोंडातून नेडीनपुढे एक वाक्य निघालं असतं तर दोनशे डॉलर वाचले असते. लोएटानं चेक लिहिला. पडदा तिनं बंद पडलेल्या दवाखान्याच्या लिलावातून आणला. लाकडी चौकट, पांढरं कापड, खाली फूटभर मोकळं.

त्यानंतरचा शुक्रवार गावाला फार दिवस पुरला. दार सताड उघडं. आत पांढरा पडदा. डेल्बर्ट पडद्यामागे गेला. खालच्या मोकळ्या जागेतून लोएटाचे तपकिरी बूट दिसत होते. फक्त लोएटाचे.

"पाय दोनच आहेत," ट्रुडी म्हणाली.

"दोघं आत गेलेत ना?"

"गेलेत की."

"मग उरलेले दोन कुठेत?"

खुर्चीची पायपट्टी कुणाच्या ध्यानात आली नाही, किंवा आली असली तरी ती बोलून दाखवून इतकी चांगली गोष्ट कोण वाया घालवणार? कडी होती तेव्हा निदान शंका तरी होती, आता पुरावाच मिळाला. लोएटाला हे कानावर आलं. तिनं वाक्य ऐकलं, विणीचे टाके मोजले आणि पुढची ओळ घेतली. कॅसरोल करणं तिनं बंद केलं.

असे एकशे एकाहत्तर शुक्रवार गेले. शेवटच्या दिवशी लोएटानं त्याला खातं मिटल्याचं पत्र दिलं. डेल्बर्टनं ते वाचलं, घडी करून हॅटच्या आतल्या पट्टीत खोचलं, तिच्याशी हस्तांदोलन केलं आणि गेला. पुढच्या शुक्रवारी तो आला नाही, तेव्हा गावानं ठरवलं की दोघांचं बिनसलं.

दोन वर्षांनी तो कुंपणाची तार ओढताना पडला आणि उठला नाही. दफनाला लोएटा मागच्या बाकावर बसली. तिच्या आजूबाजूला कुणी बसलं नाही.

महिन्यानं नेडीन आली. या वेळी नाल ठोकायच्या खिळ्यांचा पत्र्याचा डबा घेऊन. तो तिनं टेबलावर उपडा केला. एकशे एकाहत्तर पावत्या. प्रत्येकीवर तारीख, खात्याचा नंबर, साठ डॉलर आणि लोएटाची सही. लोएटानं पावत्याही एकतिसाव्या नियमानं लिहिल्या होत्या, कुणाचे पैसे, कशाचे, याचा एक शब्द नव्हता.

"साठ डॉलर," नेडीन म्हणाली. "दर आठवड्याला. तुला."

"मला नाही."

"सही तुझी आहे! आणि आता तरी लपवू नकोस. मेलाय तो."

"दाखला आणलास?"

"कसला?"

"मेल्याचा. आणि कोर्टाचं पत्र, की त्याच्या मागे त्याचे व्यवहार तू बघतेस. दोन कागद आण."

"दगड आहेस तू, लोएटा प्रुइट. व्हर्न बिचारा लवकर सुटला."

"कोर्ट चारपर्यंत उघडं असतं," लोएटा म्हणाली.

नेडीन पावत्या तशाच टाकून गेली. साडेतीनला परत आली, दोन्ही कागद घेऊन. लोएटानं ते वाचले, तारखेचा शिक्का मारला, फाइल केले. मग खणातून डेल्बर्टच्या हातचा कागद काढून नेडीनपुढे ठेवला आणि 'मी असेपर्यंत' या शब्दांवर बोट टेकवलं.

"आता विचार."

"काय होतं ते?" नेडीन म्हणाली, आणि पहिल्यांदाच त्या खुर्चीत बसली.

लोएटानं सांगितलं. सांगायला बारा मिनिटंही लागली नाहीत.

नेडीनचं अपेंडिक्स एका जानेवारीत फुटलं होतं. रस्ते बर्फानं बंद होते. तिला हेलिकॉप्टरनं बिलिंग्ज शहरातल्या हॉस्पिटलला नेलं. विमा कंपनीनं ऑपरेशनचे पैसे दिले, हेलिकॉप्टरचे नाकारले. डेल्बर्टनं बायकोला सांगितलं की सगळं विम्यातून झालं. बिल थकलं आणि ओहायोच्या एका वसुली कंपनीकडे गेलं. त्या कंपनीचं वायोमिंगमधलं ऑफिस लोएटाचं होतं. तो दर शुक्रवारी तिथे येऊन त्या हेलिकॉप्टरचे साठ डॉलर भरत असे. एकूण दहा हजार दोनशे साठ.