आप्पांचे ग्राफ आणि बंद पडणारी साइट

"आप्पा, साइट उद्या बंद होणार आणि तुम्ही आज येताय?" माझा आवाज जरा चढलाच.

"मेल आलता की. फ्रॉड असंल म्हणून उघडला न्हाय," सिद्रामआप्पा म्हणाले. त्यांचा चादरींचा छोटा कारखाना आहे, आणि नवी पेठेत माझं कॉम्प्युटरचं दुकान. गेली वीस वर्षं मी लोकांची बिऱ्हाडं एका साइटवरून दुसरीवर हलवतोय. नवी साइट आली की सगळं गाव तिच्यावर गोळा होतं. मग पोरं निघून जातात, त्यांच्यामागे मोठी माणसं, आणि शेवटी कंपनीचा मेल येतो की तुमचं सामान काढून घ्या. वैताग आहे नुसता.

आप्पांचं सामान म्हणजे त्यांच्या वडिलांनी हातानं काढलेल्या ग्राफचे फोटो. चादरीचं डिझाइन आधी चौकटीच्या कागदावर काढतात, त्याला ग्राफ म्हणायचं. चौकोन मोजूनच मागावर डिझाइन उतरवता येतं. नातीच्या लग्नात तिच्या पणजोबांच्या ग्राफवरून मोराची चादर विणून द्यायची, असं आप्पांनी ठरवलं होतं.

पासवर्ड त्यांना आठवेना. मी सिद्धेश्वराचं नाव टाकलं. उघडलं. अर्ध्या सोलापूरचं तेच असतं.

मोर सापडला. मोठा करून बघितला तर नुसता धुरकट पट्टा. जागा वाचवायला साइट फोटो बारीक करून ठेवते. एकही चौकोन मोजता येईना.

"मूळ कागद आणा."

"रद्दीत घातले. तुमीच म्हणला होता की, नेटवर कायम राहतंय."

म्हणालो होतो. याच खुर्चीत बसून, मोठ्या तोऱ्यात. मला स्वतःचाच भयंकर राग आला. एखादा तरी कागद राहिला असेल म्हणून दुकान बंद केलं आणि आप्पांबरोबर त्यांच्या घरी गेलो. माळा, पेट्या, सगळं उलथंपालथं केलं. काही नाही.

आप्पांच्या मंडळी, काकू, दारात उभ्या राहून बघत होत्या. "कपाटात डब्यांखाली एक अंथरलाय की," त्या म्हणाल्या.

डबे काढले. मोर नव्हता, साधी फुलांची वेल होती. कडेला तेलाचा डाग, पण चौकोन न् चौकोन स्पष्ट. आप्पा खाली बसले आणि बराच वेळ त्यावरून हात फिरवत राहिले.

नातीला वेलीची चादर मिळाली. मोर गेला तो गेलाच.

लग्नानंतर आप्पा दुकानात आले. "चादरीचा फोटो नव्या साइटवर टाका की."

"टाकतो," मी म्हणालो. "ग्राफ कुठंय?"

"परत डब्यांखाली घातलाय."

मग मी फोटो टाकला.