ताडपत्रीत बांधलेली अँबॅसिडर
नव्या ताडपत्रीचा वास आला की लातूरकडच्या मुरुडच्या काकांची जुनी अँबॅसिडर आठवते. ती चालायची कमी, मिरवायची जास्त. लेकीची पाठवणी तिच्यातूनच करायची म्हणून काकांनी पावसाळाभर तिला बिनविजेच्या पत्र्याच्या शेडमध्ये ताडपत्रीत करकचून बांधून ठेवलं. दसऱ्याला पूजेसाठी दोर सोडले, तर सीटांवर पांढरी बुरशी. काकू म्हणाल्या, “सोयाबीनचा ढीग झाकताना हवा राहू द्या म्हंता, मग हिलाच कामून कोंडलं?” “तो ढीग हाय, ही गाडी हाय,” काका पुटपुटले, पण लगेच दारं उघडून त्यांनी ओल ओढायला आत चुनकळीची मडकी ठेवली. दिवाळीनंतर चुलतबहीण त्याच सीटवर बसून लातूरला सासरी गेली. तिच्या डोळ्यांतलं पाणी माहेरासाठी होतं की उरलेल्या बुरशीमुळे, हे आम्ही अजून विचारतो आणि ती हसून टाळते.