बर्नडीनचा पिचर आणि बुधवारची जपमाळ

निम्म्या पिएरोगी वळून झाल्या होत्या. आपल्या करंजीसारख्याच त्या, आत उकडलेला बटाटा आणि चीज. उपासाच्या शुक्रवारी चर्चच्या तळघरात विकायला बायका घरून करून नेत. बर्नडीन वोयताकच्या टेबलावर उरलेल्या पाऱ्या ओल्या फडक्याखाली होत्या आणि रेडिओवर कुणीतरी नेल्सन ओकाम्पो या बेसबॉल खेळाडूबद्दल बोलत होतं. तेवढ्यात मागचं दार वाजलं. तिने पिठाच्या हातानेच रेडिओ बंद केला, बेसबॉलच्या मासिकावर परात उपडी घातली आणि मगच कडी काढली.

दारात तिचा धाकटा दीर कॅझ उभा होता, बर्फ झटकत.

"बंद का केलास? ओकाम्पोचं काहीतरी चाललं होतं ना?"

"कान बरे आहेत तुझे. परवा मी गॅरेज साफ करायला हाक मारली तेव्हा नव्हते आले ऐकू."

कॅझ हसला आणि कॉफीचं भांडं उचलायला गेला. बर्नडीन परातीसमोरून हलली नाही.

असं ती पूर्वी कधी वागली नव्हती. पण गेल्या मार्चपासून तिच्या मनात किडा वळवळत होता. एरी सरोवराकाठच्या त्यांच्या गावात चर्चमधली बारा माणसं दर वर्षी एक खेळ खेळत. मार्चमधल्या एका शनिवारी टेबलाभोवती बसून प्रत्येकाने पाळीपाळीने खरे बेसबॉल खेळाडू निवडायचे. मग उन्हाळाभर ते खेळाडू मैदानात जे करतील त्याचे गुण निवडणाऱ्याला. बारांपैकी एक खुर्ची बर्नडीनच्या नवऱ्याची, लेनची. तो काचेच्या कारखान्यात होता म्हणून संघाचं नाव 'ग्लासवाले'. लेन गेला आणि खुर्ची बर्नडीनकडे आली. पहिल्याच वर्षी ग्लासवाले तळाला गेले. नियम असा, की सलग दोन वर्षं तळाला राहिलेल्या संघाची खुर्ची जाते आणि चर्चच्या सभागृहातल्या फळीवरची पितळी पट्टी उतरते. त्या पट्टीवर लेनचं नाव होतं. बर्नडीन दर रविवारी मिस्साच्या प्रार्थनेला जाताना तिच्याकडे एकदा बघायची, देवघरातल्या मूर्तीकडे बघावं तशी.

तिला खेळ कळत नव्हता असं नाही. पुढच्या हंगामात कुठला पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, चमकेल हे ती लेनच्या आधी सांगायची. पिचरने मागच्या वर्षी किती सामने जिंकले याला ती भाव देत नसे. "जिंकणं मागे उभ्या असलेल्यांच्याही हातात असतं," ती म्हणायची, "हा एकटा काय करतो ते बघा." किती जणांना तो हवेत बॅट फिरवायला लावतो, किती जणांना फुकट पहिल्या बेसवर, म्हणजे पहिल्या थांब्यावर, जाऊ देतो, आणि एप्रिलमधला वेग सप्टेंबरात टिकतो का. चेंडू टाकल्यावर कुणी मनगट झटकलं तरी तिला टीव्हीवर दिसायचं.

पण गेल्या वर्षी तिने मनात धरलेला पिचर दर वेळी तिच्या आधी गस पेल्काने उचलला होता. बसायची जागा पहिल्या वर्षापासून ठरलेली, गसच्या पाळीनंतर बर्नडीनची. एकदा झालं तर योगायोग म्हणावा. दर वेळी? आणि गस तर असा, की लेन त्याला म्हणायचा, "तू टोपीचा रंग बघून खेळाडू घेतोस!" म्हणजे कुणीतरी त्याला सांगत होतं. तिच्या स्वयंपाकघरात येणारा माणूस एकच, कॅझ. आणि कॅझ दर गुरुवारी गसबरोबर बोलिंगला जायचा.

"गस भेटला का?" तिने पिएरोगीची कड दाबत विचारलं.

"भेटतोच की. का?"

"सहज."

"तुझं 'सहज' मला लेनच्या लग्नापासून माहीत आहे," कॅझ म्हणाला. पण तिने पुढे काही काढलं नाही, आणि तो कॉफी अर्धी ठेवून निघून गेला.

बुधवारी जपमाळेला बायका जमल्या. जपाआधी प्रत्येकीने आपली मागणी सांगायची, म्हणजे सगळ्यांनी मिळून त्यासाठी प्रार्थना करायची. कुणी बहिणीच्या मोतीबिंदूसाठी मागे, कुणी मुलाच्या नोकरीसाठी. बर्नडीनला मूलबाळ नव्हतं. तिला ज्यांची काळजी वाटे ते पिचर तिचेच असल्यासारखे, म्हणून गेल्या वर्षी निवडीआधी तिने भाबडेपणाने मागितलं होतं, "एका मुलाच्या खांद्यासाठी, नाव एमरी." पुढच्या आठवड्यात दुसऱ्याच्या पाठीसाठी. त्यात लपवण्यासारखं काही आहे हे तिच्या डोक्यातही आलं नव्हतं.

त्या दिवशी शेजारी बसलेली लॉरेन, गसची बायको, कानाशी कुजबुजली, "देवाची कृपा बघ, बर्नी. आमचा गस भाविक झालाय. बुधवारी घरी गेले की जेवणाआधी विचारतो, आज कुणी काय मागितलं? प्रत्येकीचं नाव घेऊन विचारतो. तुझं तर आधी!"

बर्नडीनच्या बोटांत मणी थांबला.

गस ही नावं कशासाठी विचारतो हे लॉरेनला ठाऊक असेल? चाळीस वर्षांपासूनची मैत्रीण. तोंडावरून तर गाय. पण गाय तरी रोज कुंपणाच्या कुठल्या बाजूला चरते हे कोण बघतं? की अजूनही कॅझच? बर्नडीनने मनातल्या मनात दोन्ही वाटांवर खुणा घातल्या. ओकाम्पोचं नाव कॅझने ऐकलंच होतं. ओकाम्पोचा संघ सारखा हरायचा, म्हणून कुणी त्याच्याकडे बघत नव्हतं. पण ऑगस्टपासून तो एक संथ चेंडू टाकायला शिकला होता, आणि बर्नडीनला ओकाम्पोच हवा होता. गसने ओकाम्पो उचलला तर सांगणारा कॅझ. आणि दुसऱ्या वाटेवर...

तिची पाळी आली. खोटं मागणार नाही, एवढं तिने मारियामातेला मनात सांगितलं.

"ट्रेंट बास्कमच्या कोपरासाठी," ती म्हणाली. "तो लवकर बरा व्हावा."

त्यात शब्दभरही खोटं नव्हतं. बास्कमच्या कोपराची नाताळात शस्त्रक्रिया झाली होती. येता उन्हाळा त्याच्या हातात चेंडू येणार नाही हे खेळ बघणाऱ्या कुणालाही कळलं असतं.

शनिवारी सभागृहात बाराही खुर्च्या भरल्या. फादर कुरेक पंच म्हणून टोकाला बसले होते. लॉरेन कॉफी ओतत फिरत होती. कॅझ समोर बसला होता, आणि बर्नडीनने त्याच्याकडे बघायचं टाळलं.

गसची पाळी आली. त्याने घसा साफ केला. बर्नडीनने टेबलाखाली जपमाळ मुठीत धरली.

"ट्रेंट बास्कम."

क्षणभर कुणाला कळेना. मग हशा पिकला. "अरे गस, त्याचा हात अजून गळ्यात बांधलाय!" "हॉस्पिटलमधून खेळवणार काय रे?"

"नेल्सन ओकाम्पो," बर्नडीन म्हणाली.

गसचा चेहरा बिटासारखा झाला. तो ताडकन उठला. "फादर, हे चालणार नाही! हिने बुधवारी बास्कमसाठी प्रार्थना मागितली होती!"

हशा पटकन विझला. बाकीची अकराही माणसं गसकडे वळली.

"मागितली होती," बर्नडीन म्हणाली. "त्याला गरज आहे. आता तर तुलाही आहे."

लॉरेनने कॉफीचं भांडं टेबलावर असं आदळलं की झाकण उडालं. "म्हणून विचारायचास होय रे दर बुधवारी? आणि मी मूर्ख फादरांना सांगत फिरत होते, माझा नवरा सुधारला म्हणून!"

"निवड झाली ती झाली," फादर शांतपणे म्हणाले. "बास्कम तुमचा, गस. आणि जपमाळेत ऐकलेलं जपमाळेतच राहील. पुढचं कोण?"

पुढची नावं बर्नडीनने नीट ऐकलीच नाहीत. ग्लासवाल्यांना पिचर मिळाला होता, पट्टी निदान उन्हाळाभर तरी भक्कम होती. पण समोर कॅझ तिच्याकडे एकटक बघत होता. मध्यंतरात तो जवळ आला.

"मी आलो की रेडिओ बंद व्हायचा," तो म्हणाला. "मला वाटायचं, लेनचा आवाज माझ्या आवाजात ऐकू येतो म्हणून तुला त्रास होतो. तर हे होतं. तुला वाटलं, मीच गसला सांगतो."

"हो, कॅझ. हे होतं."

"वर्षभर?"

तिने मान हलवून हो म्हटलं. त्याने तिच्या पुढ्यातला डोनट उचलून अर्धा तोडला, अर्धा परत ठेवला आणि आपल्या जागी गेला. माफ केलं की नाही ते तिला कळलं नाही.

प्रार्थनेत खोटं नव्हतं, पण गळ तर होताच. आणि निर्दोष माणसावर वर्षभर धरलेला संशय वेगळाच. खेळ संपला तेव्हा बर्नडीनने कोट चढवला आणि डोक्याला रुमाल बांधला. चार वाजता वर चर्चमध्ये पापकबुली होती. तिला तिथे जायचं होतं.