वसंतरावांच्या घरची जवसाची चटणी

असे किस्से कोणी गोळा करत नाही, ते आपोआप अंगावर येतात. दवाखान्यातली नर्सची नोकरी संपली, पण बीपीचं मशीन काही सुटलं नाही. धरमपेठेतल्या आमच्या बागेत सकाळी बाकावर बसले, की फिरायला आलेली मंडळी एकेक करून हात पुढे करतात. लोक म्हणतात, मजा येत असंन. मजा कसली, डोकं फिरते माझं!

*

सुरुवात वसंतरावांनी केली. रिटायर्ड इंजिनिअर, आवाज मोठा. एक दिवस म्हणाले, "सिस्टर, गोळी बंद! रोज नुसती जवसाची चटणी. मोजा."

मोजलं, तर एकदम नॉर्मल.

"जवस चांगलाच आहे, खा ना. पण गोळी कोणाले विचारून सोडली?"

"मोबाईलवर डॉक्टर सांगून राहिला होता."

कोणता डॉक्टर, म्हटलं. तर म्हणे, नाव नाही पाहिलं, पण गळ्यात स्टेथोस्कोप होता.

*

मग साथच आली. एका काकांनी टरबुजाच्या बिया सुरू केल्या. बीपी उतरायचं सोडून चढलं. कशा खाता, विचारलं.

"भाजून, वरून मस्त मीठ मारून. त्याच्याशिवाय घशाखाली उतरत नाही."

बीपीवाला माणूस, अन् मीठ! मी म्हटलं, "मंग मीठच खा ना जी, बिया काहून वाया घालवता?"

कितीतरी दिवस ते माझ्याकडे न पाहताच फिरत होते.

*

दुसऱ्या एकानं सावनेरच्या शेतकरी मेहुण्याकडून मेथीदाणे आणले. कौतुकानं पाकीट उघडून दाखवलं. दाणे चांगले गुलाबी!

अहो, ते पेरायचं बियाणं, औषध लावलेलं! मी पाकीट हिसकूनच घेतलं. त्याच्यावर 'विष' असं छापलेलं होतं.

"अक्षर लई बारीक हाये नं," म्हणे.

*

वत्सलाबाईंचं मात्र हसण्यावारी नेता येत नाही. एकट्या राहतात, साध्या बाई. वसंतरावांचं ऐकून त्यांनीही गोळी सोडली. घरी जवस कुटायच्या, मीठसुद्धा टाकत नव्हत्या. तरी आकडा रोज वर.

"मावशी, गोळी घ्या," मी रोज कावायची.

"वसंतरावले लागू पडते, मंग मले काहून नाई? माह्या कुटण्यातच काही कमी असंन."

अन् वसंतराव वरून सांगत, "श्रद्धा ठेवा." असा संताप यायचा!

एका सकाळी त्या चालता चालता खाली बसल्या. तोंड वाकडं झालं, बोलणं समजेना. रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. वाचल्या, पण डावा हात लुळा पडला.

*

बऱ्याच दिवसांनी वत्सलाबाई काठी टेकत बागेत आल्या, माझ्या बाजूला बाकावर बसल्या. वसंतराव त्यांच्यासाठी डबा घेऊन हजर! "आता आमच्या घरची चटणी खा. तुमची बरोबर जमत नसंन."

मी तोंड उघडणार, तेवढ्यात त्यांची बायको सुधाताई फाटकातून पळत आली. घरच्या गाऊनवर ओढणी, पायात चप्पल नाही.

"अवो, तो डबा देऊ नका त्यायले!"

"काहून वं?"

सुधाताईनं डबा ओढून छातीशी धरला. "त्याच्यात तुमची गोळी हाये. तुम्ही घेत नव्हते, म्हणून मी रोज कुटून टाकत होती."

वसंतरावांनी पहिल्यांदाच खालच्या आवाजात विचारलं, "रोज?"

वत्सलाबाईंनी उजव्या हातानं डावा हात उचलून मांडीवर ठेवला.

"सुधा," त्या म्हणाल्या, "मले काहून नाई सांगितलं वं?"