साडेसात फुटांवरचा पंखा

अप्पांची खुर्ची आणि माझा कॉम्प्युटर यांच्यात साडेसात फुटांचं अंतर आहे. दोन्ही हॉलमध्येच. खुर्ची रस्त्याकडच्या खिडकीशी, माझं टेबल समोरच्या भिंतीला. मी घरून काम करतो. इमारतींचे आराखडे येतात, त्यांतले खांब आणि तुळया भार पेलतील की नाही याची गणितं तपासून द्यायची. मोठं गणित लावलं की प्रोसेसर तापतो आणि त्याच्यावरचा छोटा पंखा घूं करत चढतो. गणित संपलं की उतरतो. पाच वर्षं तो आवाज माझ्या लक्षातही आला नव्हता. अप्पांच्या लक्षात येण्याचा प्रश्नच नव्हता. त्यांना ऐकू येत नव्हतं.

अप्पा म्हणजे माझे वडील. व्यवसायानं शिंपी. चाळीस वर्षं दुकान चालवलं. दसऱ्याच्या आधी बँडवाल्यांच्या कोटांचं काम यायचं, तेव्हा एका खोलीत आठ मशिनं दिवसभर चालत. कान त्यातच गेले, असं आम्ही धरून चालतो. टी. नरसीपूरची आत्या दर रविवारी फोन करते. अलीकडे अप्पा ‘हां, हां’ म्हणून फोन माझ्याकडे द्यायचे आणि आत्या मला विचारायची, दादाला समजलं का काही?

बऱ्याच मिनतवारीनंतर यंदा त्यांनी कानाचं मशीन लावून घेतलं. तपासणाऱ्या बाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं की पहिला महिना महत्त्वाचा. रोज निदान सहा तास लावलं तर मेंदूला आवाजांची पुन्हा सवय होते. नाही लावलं तर मशीन डबीत जातं, आणि एकदा डबीत गेलेलं सहसा बाहेर येत नाही. किती तास लावलं याची नोंद मशीन स्वतःच ठेवतं. दहाव्या दिवशी त्यांनी ती काढून दाखवली. रोजचे सरासरी एक तास चाळीस मिनिटं.

परत येताना मी मनात गणित केलं. महिन्याचे एकशेऐंशी तास हवेत. दहा दिवसांत झाले सोळा तास चाळीस मिनिटं. उरलेल्या वीस दिवसांत रोज आठ तास दहा मिनिटं लागतील. घरी आल्यावर अप्पांना विचारलं, मशीन का काढता? त्यांनी माझ्या टेबलाखाली बोट दाखवलं.

“त्या पेटीत काय बसवलंयस? गिरणी?”

मशीन सगळंच मोठं करतं, हे तेव्हा मला कळलं. माझं बोलणं जितकं मोठं, तितकाच पंखाही.

त्या दिवसापासून मला एका जागी बसवेना. फोनवर आवाज मोजायचं ॲप घेतलं. फोन अप्पांच्या खुर्चीच्या हातावर ठेवला. कॉम्प्युटर बंद असताना तेहेतीस डेसिबल, नुसता चालू असताना अडतीस, गणित चालू असताना सेहेचाळीस. रस्त्यावरून रिक्षा गेली की आकडा बिघडे, म्हणून प्रत्येक माप तीनदा घेतलं. पंखा खोलून पाच वर्षांची धूळ काढली. त्यानं एक डेसिबल कमी झाला. काम करता करता मी दर दहा मिनिटांनी उठून फोन बघून यायचो. बसलो की टेबलाखाली पाय हलायचा. ही माझी जुनी सवय आहे. तेव्हा वाढली होती.

बायको म्हणाली, “अहो, मोजल्यानं कमी होतो का आवाज?” आणि टेबल सरळ आतल्या खोलीत न्यायला सांगितलं. सूचना बरोबर होती. मीच आधी करायला हवं होतं. शनिवारी टेबल आत नेलं. हॉल शांत झाला. सोमवारी अकरा वाजता पाणी प्यायला बाहेर आलो तर मशीन डबीत. मंगळवारीही तेच. आता पंखा नाही ना, असं मी खुणेनं विचारलं. अप्पा म्हणाले, “इथं आहे कोण ऐकायला?” बायको साडेआठला शाळेत शिकवायला जाते, ती चारला येते. मधले सगळे तास मीच होतो, आणि मी दार लावून आत बसलो होतो. बुधवारी टेबल परत हॉलमध्ये आणलं. म्हणजे माणूस हवा आणि पंखा नको. उरला एकच रस्ता, कूलर, म्हणजे प्रोसेसर थंड ठेवणारा तो पंखाच, बदलणे.

मी कागदावर तक्ता केला. पाण्यानं थंड करणारा कूलर येतो, पण त्याला पंप असतो आणि पंपाचा बारीक आवाज अखंड चालू राहतो. अप्पांना सांगितलं तर ते माझ्याकडे बघतच राहिले. करंटच्या पेटीत पाणी? बेड रे, नको, असं अर्ध्या कानडीत म्हणाले. दुसरा प्रकार म्हणजे धातूच्या पातळ पत्र्यांचा उभा मनोरा आणि त्याला मोठा पंखा. मोठा पंखा हळू फिरूनही तेवढीच हवा ढकलतो, म्हणून आवाज कमी. कंपन्या डेसिबल लिहितात, पण ते किती अंतरावरून, कसल्या खोलीत, हे सगळ्या लिहीत नाहीत. जिथं लिहिलं नव्हतं ती नावं मी खोडली. राहिला एक. उंची एकशेपंचावन्न मिलिमीटर.

आमच्या कॉम्प्युटरची पेटी इथल्याच एका दुकानात जुळवून घेतलेली. तिच्यावर ना नाव, ना पुस्तिका. प्रोसेसरपासून बाजूच्या पत्र्याच्या कडेपर्यंत किती जागा आहे ते मोजायला हवं होतं. माझी स्टीलची पट्टी तारांमधून आत जाईना. मी एका हातात टॉर्च आणि दुसऱ्या हातानं तारा धरून बसलो होतो. अप्पा खुर्चीतून उठून आले. कानात मशीन होतं. आपली टेप घेऊन आले होते. बोटानं टेपचं टोक आत दाबलं, कडेला नखाची खूण केली आणि म्हणाले, “सव्वासहा.”

इंचांचे मिलिमीटर करायला पंचवीस पूर्णांक चारनं गुणलं. एकशेअठ्ठावन्न पूर्णांक पंचाहत्तर. पावणेचार मिलिमीटर मोकळे राहत होते. अप्पांचं माप मी पुन्हा घेतलं नाही. दुकानात माप चुकलं म्हणून शर्ट परत आल्याचं मी पाहिलेलं नाही. कूलर मागवला.

तो अठराव्या दिवशी आला. जुना काढला, प्रोसेसर पुसला, उष्णता वाहून नेणारी पेस्ट तांदळाच्या दाण्याएवढी लावली, मनोरा बसवून स्क्रू आवळले. मग बाजूचा पत्रा लावायला घेतला. लागेना. मनोरा कडेच्या वर नऊ मिलिमीटर आला होता. मी तीन वेळा सगळं तपासलं. वाकडा बसला असेल, स्क्रू अर्धवट असेल. काहीच चुकलं नव्हतं. शेवटी, आता उघड्यावर आलेल्या मनोऱ्याशेजारी अप्पांचीच टेप धरली. जागा पावणेसहा इंच होती.

“अप्पा, तुम्ही सव्वासहा म्हणालात.”

“म्हणालो की.”

“पावणेसहा भरतंय.”

“पावणेसहाच आहे. अर्धा इंच सूट धरून सांगितलं. नेमकं माप कधी सांगतात का? नेमक्या मापाचा शर्ट शिवला तर श्वास घेऊन दाखव बघू.”

मला राग आला होता. त्यांच्यावर नाही, तीस वर्षं त्या दुकानात उठबस करून हे मला ठाऊक असायला हवं होतं म्हणून. परत पाठवून कमी उंचीचा मागवायचा तर आठवडा गेला असता, आणि उरले होते बारा दिवस. मी तोंडातल्या तोंडात आकडे मोडत फेऱ्या मारायला लागलो. पत्रा न लावताच चालवावं, तर धूळ आणि पाली. आमच्या हॉलमध्ये दोन पाली आहेत. पंख्यात पाल गेली तर काय, याचाही विचार करून झाला.

अप्पा माझ्या फेऱ्या बघत होते. म्हणाले, “साकू, पुरे. आता बस.” मग टेप घेऊन पेटीच्या उघड्या बाजूची लांबी-रुंदी घेतली आणि आतल्या खोलीत गेले. तिथं त्यांचं पायाचं मशीन आहे, दोन वर्षं झाकून ठेवलेलं. जुन्या मच्छरदाणीची जाळी कापून, चारी बाजूंनी पट्टी आणि इलॅस्टिक लावून खोळ शिवायची, असा त्यांचा बेत होता. मशीन सुरू झालं आणि लगेच थांबलं. मला वाटलं, आवाज सहन झाला नसेल, कानातलं काढलं असेल. जाऊन बघितलं तर ते मशिनीवर कान वाकवून बसले होते.

“बॉबिन वाजतंय,” म्हणाले. “किती वर्षं वाजत असेल कोण जाणे. तेल आण.”

तेल दिलं. ते शिवत राहिले, मधेच थांबून ऐकत राहिले. तासाभरात खोळ झाली. चारी बाजूंनी अर्धा इंच सैल. मनोरा तिच्यात सहज मावला.

मोठं गणित लावलं. खुर्चीच्या हातावर पस्तीस डेसिबल. मी पंखा सेटिंगमध्ये एकाच गतीवर बांधून टाकला, कारण अप्पा म्हणाले, चालू असलेलं मशीन कळत नाही, चढ-उतार कळतो. हे माझ्या तक्त्यात कुठंच नव्हतं. त्यानंतर मी डबीकडे बघायचं नाही असं ठरवलं आणि रोज सात-आठ वेळा बघितलं.

तिसाव्या दिवशी बाईंनी नोंद काढली. महिन्याची सरासरी चार तास तीन मिनिटं. माझा आकडा सहाचा होता. मी तसं म्हणालो. त्या म्हणाल्या, सरासरी सोडा, शेवटचे दहा दिवस बघा. साडेसात तास. अप्पा बसलेल्या जागेवरून म्हणाले, “हा सगळं मोजतो.” बाई त्यांच्या पाठीमागून बोलत होत्या, तरी त्यांनी ऐकलं होतं.

त्याच दिवशी दुपारी मी कामाला बसलो होतो. पंखा एका सुरात चालू होता. अप्पा खिडकीशी. थोड्या वेळानं ते वळले.

“तुझा पाय.”

“काय?”

“टेबल कुरकुरतंय. कधीपासून हलवतोस पाय असा?”

लहानपणापासून, म्हणालो. आई ओरडायची, ते ती जाईपर्यंत. ते म्हणाले, हलताना दिसायचा, वाजतो हे माहीत नव्हतं.

मी पाय थांबवला. दोन मिनिटांत तो पुन्हा हलायला लागला, हे मला टेबलावरच्या पेन्सिलीकडे बघून कळलं. अप्पांचा हात कानाकडे गेला. मी बघत राहिलो. त्यांनी कानामागं खाजवलं आणि हात परत मांडीवर ठेवला.